नेम मोडणारी

"पोरगं तुमचं, आणि त्याचा नेम मोडायचा मी?" रतनबाई आरशातनंच माझ्याकडं बघत म्हणाली. "मावशी, ऊन लागलंय का तुम्हाला?"

"मावशी म्हणू नकोस," मी म्हटलं. "तुझी आई माझी बहीण नव्हती."

भर दुपार होती. निंबखोरीच्या भैरोबाची जत्रा सुरू होऊन एक दिवस झाला होता आणि कुस्त्यांना पाच दिवस होते. तमाशाच्या राहुटीत पाठीमागनं शिरणारी चांगल्या घरातली बाई त्या गावात माझ्याआधी कुणी झाली नसेल. पदर नाकापर्यंत ओढून गेले होते, पण चाल कशी लपवणार? दोन ढोलकीवाल्यांनी मला बघून उठून रामराम घातला.

"तुमच्या वगात तू रोज एका ऋषीची तपश्चर्या मोडतेस," मी तिला सांगितलं. "पंचक्रोशी तिकीट काढून बघती. माझा सर्जेराव ऋषी नाही, साधा पैलवान आहे. तुला काय अवघड?"

"आमचा ऋषी म्हणजे बबन, बाई. दाढी चिकटवलेला. त्याची तपश्चर्या मी नाचायच्या आधीच मोडलेली असती."

"मग हाही बबनच समज. मी तुला वंगाळ काही करायला सांगत नाही. मान वर करून त्यानं तुझ्याकडं एकदा बघितलं पाहिजे. एकदा. त्याचा नेम तेवढ्यानंच मोडतो. पुढचं मी बघते. चांगल्या घरातली सून आणते."

"म्हणजे नांगरट माझी आणि पेरणी दुसरीची."

"डाळिंबी रंगाचं इरकल देईन. माझ्या पेटीतलं. अजून घडी मोडलेली नाही."

तिनं आरसा खाली ठेवला.

सर्जेराव माझा एकुलता एक. तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. बावीसचा असताना पहिलं स्थळ आलं, मुलगी गोरी, घर खातंपितं. मी सुपारी फोडायच्या गडबडीत, तर हा तालमीतनं अंगाला माती तशीच घेऊन मारुतीच्या देवळात गेला आणि सगळ्या गावासमोर ओरडला, "भैरोबाच्या जत्रेची गदा खांद्यावर घेईपर्यंत बाईमाणसाकडं मान वर करून बघणार नाही!" गावानं टाळ्या वाजवल्या. मी तर गूळ वाटला. माझ्याएवढी खुळी त्या दिवशी गावात दुसरी नव्हती.

कारण त्यानंतर दर वर्षी तो शेवटच्या कुस्तीपर्यंत जायचा आणि दर वर्षी पडायचा. सहा वर्षांत सहा वेगवेगळ्या पैलवानांनी त्याला पाठीवर पाडला. त्यातला एक तर सर्दीनं शिंकत होता.

धाकटी जाऊ शेजारीच राहायची. तिच्या अंगणात तीन नातू लोळायचे. ती मला म्हणायची, "अक्का, सर्जेरावाला आता गदा कशाला? काठीच द्या की. वय झालं." मी हसून घ्यायची आणि घरात येऊन दुप्पट बदाम भिजत घालायची. बदाम झाले, तूप झालं, बकऱ्याच्या पायांचं सूप झालं. पोरगं खाऊन खाऊन दारात मावेना, पण जत्रा आली की आडवं. माझ्या घरात पाळणा हलायचा असेल तर गदेची वाट बघून भागणार नव्हतं. नेमच मोडायला पाहिजे होता.

राहुटीतनं घरी आल्यावर मी हे मालकांना सांगितलं. ते जेवत होते. घास हातात धरून म्हणाले, "मला वाटतं, आपण जरा..."

"तुम्हाला काही वाटत नाही," मी म्हटलं. "जेवा."

ते जेवले.

दुसऱ्या दिवशी रतनबाई तालमीच्या विहिरीवर गेली. कपाळाला कुंकू, केसात मोगरा, कमरेवर घागर. संध्याकाळी मी राहुटीत जाऊन विचारलं, "बघितलं का?"

"बघितलं की."

माझा जीव भांड्यात पडला. "तुझ्याकडं?"

"घागरीकडं. 'अक्का, घागरीला पोचा आलाय' म्हणाला. मग माझी घागर भरली, जनावरांचा हौद भरला, आणि जाताना सांगितलं, 'कमरेवर घेऊ नका, मणका वाकडा होतो. डोईवर घ्या.'" ती मोगरा ओढून काढत म्हणाली, "बारा वर्षं बोर्डावर उभी आहे मी. आजपर्यंत माझ्या कमरेकडं बघून मणका कुणाला आठवला नव्हता."

तिला आता लुगड्याचं काही राहिलं नव्हतं. तिच्या कलेवरच आलं होतं. "उद्या बघा," ती म्हणाली. "तालमीच्या दारात पाय मुरगळून पडते. बाई कण्हायला लागली की पुरुषाची मान आपोआप वर होती."

मी म्हटलं, "झकास."

झकास म्हटलं, ते आठवलं की आजही कपाळावर हात मारावासा वाटतो. आमच्या भागात हाड सरकलं, पाय मुरगळला, तर माणूस डॉक्टरकडं जात नाही, तालमीत जातो. पैलवान हाच आमचा हाडवैद्य. रतनबाई परमुलखातली, तिला ठाऊक नसेल. पण मी पैलवानाची आई. माझ्याच ओट्यावर दर रविवारी लंगडी माणसं रांग लावून बसायची. ते माझ्या ध्यानात येऊ नये?

ती दारात पडली. सर्जेराव बाहेर आला. गुडघ्यावर बसला. नजर घोट्यावर.

"हाड सरकलंय," तो म्हणाला.

"नाही हो, थोडंसंच..." रतनबाई म्हणाली.

"थोडं सरकलेलंच वाईट असतं, अक्का." त्यानं दोन पैलवानांना हाक मारून तिचे खांदे धरायला लावले. तिच्या तळव्याला आपली टाच लावली, दोन्ही हातांनी घोटा धरला, आणि ओढला.

मी घरी जात्यावर बसले होते. किंकाळी तिथपर्यंत आली. मारुतीच्या कळसावरची पारवी उडाली ती तिन्हीसांजेपर्यंत परत बसली नाहीत. चांगला धडधाकट पाय होता बाईचा. तो आता खरोखरच मुरगळला.

फडाचा मालक तालमीत येऊन थयथयाट करून गेला. त्या दिवसापासून वगातली अप्सरा बसल्या जागी तपश्चर्या मोडू लागली. गावातले जाणते म्हणाले, हाही एक नवा प्रकार आहे.

सर्जेरावाला मात्र वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन राहुटीत गेला. आखाड्याची तांबडी माती, हळद आणि तेल कालवून लेप घेऊन गेला, आणि तासभर मान खाली घालून पाय चोळत बसला. त्याच्या पुढच्या दिवशीही गेला. हे मला कळलं तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, पायापासून सुरुवात झाली, तोंडापर्यंत जाईलच.

कुस्त्यांच्या दिवशी सकाळी रतनबाई काठी टेकत थेट माझ्या पुढच्या दारात आली. उघड्या तोंडानं. धाकटी जाऊ समोर अंगण झाडत होती, ती झाडायची थांबली.

"आत ये," मी म्हटलं. "मोडला का नेम?"

"नाही."

"मग लुगडं मागायला आलीस होय?"

"लुगडं राहू द्या. एक सांगायला आले. तुम्ही बसा."

"माझ्याच घरात मला बसा म्हणतेस?"

"बसा. उभ्यानं ऐकण्यासारखं नाही ते."

मी बसले. का बसले कुणास ठाऊक. तिच्या बोलण्यात आज नखरा नव्हता.

"काल मी त्याला विचारलं," ती म्हणाली. "म्हटलं, पैलवान, सहा वर्षं हरताय, पण हरलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. मी रोज सोंगं करते, मला दुसऱ्याचं सोंग लगेच कळतं. तर हसला. खाली मान घालूनच हसला." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "बाई, तुमचा मुलगा मुद्दाम पडतो."

बायकांना मैदानात जायला मुभा नव्हती. आम्ही देवळाच्या गच्चीवरनं बघायचो. पण बापाच्या, भावाच्या आणि मुलाच्या कुस्त्या बघत माझं आयुष्य गेलं होतं. डाव मला पंचांच्या आधी कळायचा. रतनबाईनं ते वाक्य उच्चारलं आणि सहाच्या सहा कुस्त्या माझ्या डोळ्यांपुढनं गेल्या. सहाही वेळा सर्जेरावानं डावा पाय पुढं दिला होता. जोडवी घालून घ्यायला नवरी देते तसा. आणि मी बदामवाल्याला शिव्या घालत होते.

"कशापायी?" मी विचारलं.

"ते त्याच्याकडनंच ऐका. माझ्या तोंडून ऐकलंत तर झिंज्या धरून बाहेर काढाल मला."

मी पायात वहाणासुद्धा घातल्या नाहीत. तालमीचा उंबरा बाईनं ओलांडायचा नाही ही रीत. मी उंबऱ्याला अंगठा लावून उभी राहिले आणि हाक मारली. आतले सगळे पैलवान होते तिथं थिजले. एकजण जोर मारताना खाली गेला होता, तो खालीच राहिला.

वस्ताद धावत आले. "वहिनी, वहिनी! आत बाईमाणूस..."

"मी बाहेरच आहे, भावजी. आत फक्त आवाज आलाय. त्याला कोणती बंदी आहे का?"

सर्जेराव बाहेर आला. लंगोटावर, अंगभर माती. संध्याकाळी शेवटची कुस्ती होती. मी त्याला चिंचेखाली नेला.

"तू मुद्दाम पडतोस?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "आई, हळू. लोक ऐकतायत."

"होय का नाही तेवढं सांग."

"होय."

"लग्न नको म्हणून?"

"लग्न हवंय की. का नको असेल?"

"मग? तुझ्यात काही खोट आहे का? सांग, आपण मिरजेला दाखवू."

"खोट नाही काही!" त्याचे कान लाल झाले. मग मातीकडं बघत म्हणाला, "आई, तुझ्या तोंडापायी."

"माझ्या तोंडाला काय झालंय?"

"काही झालेलं नाही, हाच घोर आहे." एकदा सुरू झाला तो थांबेना. "तालमीतल्या बापूदादाची नवी बायको दोन दिवस आपल्याकडं पाहुणी आली होती. तिची भाकरी बघून तू म्हणालीस, 'ही गाढवापुढं टाकली तर तेही एकादशी धरेल.' ती गोठ्यात जाऊन रडत होती. मी वैरण टाकायला गेलो होतो, ऐकलं मी. मुंडी खाली घालून म्हशीला सांगत होती. परक्याची दोन दिवसांची पाहुणी, तिची ही गत. माझी बायको जन्मभर कशी राहायची?"

"ती भाकरी होतीच तशी!"

"हे बघ. हे असं." त्यानं हात जोडले. "आबांचं बघ. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एक वाक्य पुरं केलेलं मी ऐकलं नाही. तुला 'नको' म्हणायची कुणाची छाती नाही. माझी तर नाहीच. म्हणून भैरोबाला मध्ये घातला. देवाचं तरी तू ऐकशील म्हणून."

पदरानं मी त्याच्या खांद्यावरची माती झटकायला लागले. राग आला होता, नाही असं नाही. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि त्याला मला नाव देता येईना. सहा फुटी पोरगं. बैलाला शिंगाला धरून थांबवणारं. आणि सहा वर्षं गावाचं हसू अंगावर घेऊन मातीत पडत होतं, कोण कुठली न आलेली पोर माझ्या घरात रडू नये म्हणून.

"काय केलं म्हणजे उभा राहशील?" मी विचारलं.

त्याला पटेना की मी खरंच विचारतेय. मग म्हणाला, "शपथ घे. सून आली की तिचा स्वयंपाक, तिचं माहेर आणि तिचं अंगरूप. या तिन्हीला नाव ठेवायचं नाही."

"तिन्हीला? मग बोलायचं काय? पाऊसपाणी?"

"आई."

"बरं बरं. दोनवर भागव. माहेर तेवढं सोड."

"तिन्ही."

तो आत गेला आणि आखाड्यातली चिमूटभर माती घेऊन आला. कुस्तीआधी पैलवान एकमेकांच्या हातावर देतात तशी माझ्या तळहातावर ठेवली. ती हातात घेतल्यावर मागं फिरता येत नाही. मी मूठ मिटली.

संध्याकाळच्या उन्हात शेवटची कुस्ती लागली. समोरचा पैलवान घाटावरचा, मान आणि खांदा कुठं वेगळे होतात ते कळत नव्हतं. सलामी झाली. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि तेवढ्यात गच्ची हादरली. खाली बघते तर घाटावरचा आकाशाकडं बघत पडलेला, आणि माझा सर्जेराव त्याला हात देऊन उठवतोय. हलगीवाल्यांना वाजवायचं सुचेना. सर्जेरावासाठी वाजवायची सहा वर्षांत सवयच नव्हती त्यांना.

"अक्का, औंदा काय खायला घातलं हो?" धाकट्या जावेनं विचारलं.

"तेच बदाम," मी म्हटलं.

रतनबाईला मी लुगडं दिलं. ती नको म्हणत होती. नेम तर मोडला नव्हता. मी म्हटलं, "घे. पायाचं समज."

वैशाखातच लग्न उरकलं. सून विट्याकडची, नाव इंदुमती. चणीनं एवढीशी, मान कायम खाली, विचारलं त्यापुरतं उत्तर. अशी गरीब गाय बघून मला वाटलं, एवढ्या शपथेची काही गरजच नव्हती.

पहिल्या दिवशी तिनं स्वयंपाक केला. पुरुषांची पंगत आधी झाली, ते न बोलता जेवून उठले. मग तिनं माझं ताट वाढलं. मी आमटीचा भुरका मारला.

समुद्र मी कधी बघितलेला नाही. त्या दिवशी प्यायले.

तोंडात वाक्य तयार होतं. असं घोटीव वाक्य होतं ते, आजही पाठ आहे. डावा हात आपोआप मिटला, आत ती आखाड्याची माती असल्यासारखा. मी आमटी गिळली, आणि वर पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी मीठच नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाकरी कडेला जळकी आणि मध्ये कच्ची. हे एकाच भाकरीत जमवायला कसब लागतं. मग तिखटाचा आठवडा आला. वांग्याच्या भाजीत गूळ आला. वगातली अप्सरा ऋषीपुढं घटकाभर नाचून जाते. माझ्यापुढं रोज दोन वेळा ताट यायचं.

मी काय करायची? जेवण झालं की गोठ्यात जायची आणि सगळं म्हशीला सांगायची. बापूच्या बायकोची त्या वेळी आठवण यायची, आणि जरा लाजही वाटायची. महिन्याभरात म्हैस दूध कमी द्यायला लागली. पुरुषांची मला कीव यायची. बिचारे तेच खाऊन कामाला जातात आणि अवाक्षर काढत नाहीत. सर्जेराव तर उलट अंग धरू लागला होता. म्हटलं, प्रेम माणसाला काय काय पचवायला लावतं.

असे आठ महिने गेले. मी वाळले. धाकट्या जावेनं विचारलं, "अक्का, सुनेच्या हाताला चव कशी आहे?" मी म्हटलं, "हात गोरा आहे." अंगरूपाला नावं ठेवायची बंदी होती, चांगलं बोलायची नव्हती.

मग पौषात एक दिवस मालक जेवायला बसले, ताट वाढून झालं, आणि बाहेरनं हाक आली की आमचं वासरू ओढ्यात घसरलंय. ते उठले. "तू बस माझ्या ताटावर," ते म्हणाले, "भरलं ताट टाकून उठू नये, मी येतो वासराला काढून." एवढं सगळं एका दमात. मी मध्ये बोलायचीच विसरले.

बसले. आमटीत भाकरी बुडवली.

काय सांगू. चिंचगुळाची, वर लसणाची फोडणी, मीठ असं बेतानं की माझ्या आईच्या हाताला नव्हतं. भाकरी पापुद्र्यासारखी सुटत होती. वांगं तोंडात विरघळलं. मी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा हातातच राहिला.

मी वर बघितलं. इंदुमती चुलीपाशी पळी धरून उभी होती. आठ महिने जी मान खाली होती ती सरळ होती, आणि ती थेट माझ्या डोळ्यांत बघत होती. पापणी हलत नव्हती.

सर्जेरावानं शपथेचं तिला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असणार. आणि विट्याची पोर नुसत्या सांगण्यावर विसंबणारी नव्हती. मातीवरची शपथ किती पक्की आहे ते तिनं रोज दोन वेळा, मीठ मोजून, तपासून घेतलं होतं.

माझ्या तोंडात एका वेळी शंभर शब्द आले. त्यातले सगळे तिच्या स्वयंपाकावरचे, माहेरावरचे, नाहीतर तिच्या त्या एवढ्याशा चणीवरचे. एकही चालण्यासारखा नव्हता. आणि समोरच्या आमटीला नाव ठेवायला जागाही नव्हती.

हातातला घास मी खाल्ला. सावकाश चावला.

"सूनबाई," मी म्हटलं, "आमटी झकास झालीय."

तिनं पळी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले.

"होय का, आत्याबाई?" ती म्हणाली. "मग उद्यापासनं तुम्हालाही हीच वाढते."